कांद्याचा भाव कोण ठरवतं?

सुट्टीत शिरूरला गेलो की धाकट्या बहिणीचा प्रश्न ठरलेला, "दादा, कांदा तोच, मग भाव रोज वेगळा कसा?"

म्हटलं, पेरू चार अन् पोरं दहा, तर पेरू महाग. पेरू दहा अन् पोरं चार, तर स्वस्त. बाजार समितीतला लिलावही तसाच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. परदेशचं गिऱ्हाईक तुटलं, माल मात्र तेवढाच. भाव कोसळले. बंदी उठली मे २०२४ मध्ये. उन्हाळी कांदा चाळीत टिकतो, थांबून विकता येतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, मिळेल त्या भावात द्यावा लागतो. त्या डिसेंबरात आमच्याकडे लालच होता.

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "म्हणजे माझी सायकल म्हणून राहिली होय!"