चाकातील मोटर

पायांनी चालवावयाच्या सायकलीला विजेची जोड देण्याची कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणाऱ्या ऑग्डेन बोल्टन या संशोधकास ३१ डिसेंबर १८९५ रोजी अशा सायकलीचे पेटंट मिळाले. त्याने मोटर मागील चाकाच्या मध्यभागीच बसविली होती. बैलगाडीच्या चाकात जेथे तुंबा असतो, तेच हे स्थान. सायकलीच्या कारागिरांच्या भाषेत त्यास हब म्हणतात. म्हणून ही ‘हब मोटर’ होय. आज साध्या सायकलीचे एक चाक काढून तेथे हब मोटरचे चाक बसवितात, तिला बॅटरी व वीज कमीअधिक करणारा नियंत्रक जोडतात, आणि विजेची सायकल सिद्ध होते.

परंतु बाजारात अशा मोटरी अनेक प्रकारच्या असतात. जी सर्वांत बलवान, तीच सर्वांत चांगली, असे पुष्कळांस वाटते. ते कितपत खरे आहे, हे दोन उदाहरणांवरून पाहावे.

सांगलीसारख्या सपाट शहरात एक मनुष्य पहाटे वर्तमानपत्रे वाटतो, अशी कल्पना करा. दुसरा मनुष्य वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीस दूध नेतो. दोघांनाही सायकलीस मोटर लावावयाची आहे. दोघांनी एकच मोटर घ्यावी काय?

शक्ती वॅट या मापाने मोजतात. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे १०० वॅट शक्ती पुरते. तीही मुख्यतः वाऱ्याचा विरोध मोडण्यात खर्च होते. घाटाचे गणित वेगळे आहे. दूधवाला, सायकल व दुधाचे कॅन मिळून वजन १२० किलो धरले आणि दर १०० मीटरांस रस्ता ५ मीटर वर चढतो असे मानले, तर ताशी १० किलोमीटर या संथ वेगासही सुमारे १९० वॅट लागतात. वेग दुप्पट करावयाचा म्हटले, तर ४०० वॅटही अपुरे पडतात! तात्पर्य, पहिल्यास थोडक्या शक्तीत वेग मिळतो. दुसऱ्यास वेगापेक्षा जोर अधिक हवा.

आता मोटरीची अंतर्रचना पाहू गेल्यास तिचे दोन मुख्य प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात तारेची वेटोळी मधल्या आसाला पक्की असतात व लोहचुंबक लावलेले बाहेरील कवच त्यांच्याभोवती फिरते. कवच फिरले की चाक फिरते. मध्ये दातेरी चक्रे नसल्याने ही मोटर आवाज करीत नाही व झिजतही थोडी. योग्य नियंत्रक असल्यास उतारावर ती चाकास आवरते व थोडी वीज बॅटरीस परत देते. मात्र ती वजनदार असते, आणि वीज बंद करून सायकल पायांनी चालविताना किंचित अडखळल्यासारखी वाटते.

दुसऱ्या प्रकारात आतील मोटर चाकाच्या कित्येक पट वेगाने फिरते. लहान दातेरी चक्रे तो वेग कमी करतात व त्याच प्रमाणात जोर वाढवितात. त्यामुळे ही मोटर हलकी असूनही चढावर चांगली ओढते. परंतु तिची चक्रे कालांतराने झिजतात, आणि सामान्यतः ती उतारावर चाकास आवरीत नाही.

मोटरीचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. चढावर अधिक जोर हवा असतो, म्हणून वेटोळ्यांतून अधिक वीज वाहते. वीज दुप्पट झाली की वेटोळ्यांतील उष्णता चौपट होते. लांब घाटात मोटरीस विसावा नसतो. उष्णता साचत जाऊन वेटोळी जळण्याचा संभव असतो. म्हणून दूधवाल्याने दातेरी चक्रांची, कमी वेगासाठी बनविलेली मोटर घ्यावी, आणि चढावर स्वतःही पाय मारावेत. उतरताना ती मोटर साहाय्य करणार नाही. सारा भार ब्रेकवर येईल. ब्रेक उत्तम नसतील, तर अशा घाटात मोटर लावूच नये. वर्तमानपत्रे वाटणाऱ्यास दोन्ही प्रकार चालतील. अनेक जिने चढताना सायकल उचलावी लागत असेल तर हलकी, दुरुस्तीची कटकट नको असेल तर बिनदात्यांची.

मोटर घेण्यापूर्वी सायकलीचीही परीक्षा करावी. मोटर चाकास पुढे लोटते, तेव्हा तिचा आस तितक्याच जोराने उलट फिरू पाहतो. तो सुटला, तर विजेच्या तारा तुटतात आणि पुढचे चाक असल्यास ते निखळून स्वार कोसळतो. म्हणून आसाला पोलादी आधारपट्टी लावून ती सायकलीच्या सांगाड्यास घट्ट बांधावी. पुढील चाकात मोटर बसवावयाची असल्यास चिमटा मजबूत पोलादाचा असावा.

मग हजार वॅटची मोटर का घेऊ नये? वेग दुप्पट झाला की सायकल थांबविण्यासाठी ब्रेकना चौपट काम करावे लागते, आणि साध्या सायकलीचे ब्रेक त्यासाठी बनविलेले नसतात. कायद्यानेही मर्यादा घातली आहे. मोटरीची सलग ३० मिनिटे देता येणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी व बॅटरीखेरीज वाहनाचे वजन ६० किलोच्या आत असेल, ब्रेक योग्य असतील आणि पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक असेल, तरच भारतात अशी सायकल मोटार वाहन गणली जात नाही.

निवडीचा आरंभ दुकानात होत नाही; तो रस्त्यावर होतो. रस्ता कसा, ओझे किती, थांबावयाचे कसे, हे ज्याने आधी विचारले, त्यास योग्य मोटर सापडते. ज्याने केवळ बळ पाहिले, त्याचे बळ त्याच्यावरच उलटण्याचा संभव असतो.

स्वाध्याय
१. सपाट रस्ता व घाट यांत शक्ती कशासाठी खर्च होते, ते लिहा.
२. दोन्ही प्रकारच्या हब मोटरींचे गुणदोष सांगा.
३. तुमच्या गावातील रस्ते पाहून तेथे कोणती मोटर योग्य ठरेल, ते कारणांसह लिहा.