‘आय-फाइव्ह’ आहे, पण कितव्या पिढीचा?

लॅमिंग्टन रोडवरच्या त्या दुकानदाराला प्रस्तुत लेखिकेने स्पष्ट विचारलं होतं, विंडोज ११ यावर रीतसर चालेल ना? “आरामात, मॅडम. आय-फाइव्ह आहे.” मिनी डेस्कटॉप सुरू करून दाखवला, विंडोज ११ दिसलं, पैसे दिले.

डेल, एचपी, लेनोव्होचे हे छोटे डेस्कटॉप कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघतात आणि रिफर्बिश्ड म्हणून स्वस्तात मिळतात. बँकेचे व्यवहार, पत्रं, मुलांचा अभ्यास सगळं त्यावर नीट होतं, आणि ३५ वॅटच्या प्रोसेसरमुळे विजेचं बिलही फुगत नाही. वस्तू वाईट नाहीच. राग आहे तो विकणाऱ्याच्या वागण्याचा.

घरी सेटिंग्जमधलं ‘अबाउट’ उघडलं, तर प्रोसेसरपुढे लिहिलेलं: आय-फाइव्ह ६५००टी. पहिला आकडा सहा. म्हणजे सहावी पिढी, २०१५ सालची. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं, त्यानेही नकारच दिला. दुकानात तपासणीला बगल देऊन विंडोज चढवलं होतं! अशा मशीनला सुरक्षेचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० कडे परतावं, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

फोनवर दुकानदार म्हणाला, “चालतंय ना? मग प्रॉब्लेम काय?” समोर जाऊन उभं राहिल्यावर “सॉफ्टवेअरची वॉरंटी नसते” असं ऐकवलं आणि मान वर न करता पुढच्या गिऱ्हाइकाला तेच ‘आय-फाइव्ह’ सांगायला लागला. बिलावर फक्त ‘मिनी पीसी, १ नग’. मॉडेल नाही, प्रोसेसर नाही. बिल असं मोघम का करतात, ते भांडायला गेल्यावर कळतं.

तेव्हा घेणाऱ्याने ‘आय-फाइव्ह’ या नावावर जाऊच नये, पूर्ण नंबर मागावा. ६५००टी मध्ये चार कोअर, तर ८५००टी मध्ये सहा. नाव दोघांचं एकच. नवा मिनी पीसी घ्यायचा असेल तर २०२३ मध्ये आलेला इंटेल एन१०० घरकामाला पुरेसा आहे, नावात ‘आय’ नसला तरी. मात्र सेलेरॉन एन४०२० आणि बोर्डावरच बसवलेली ईएमएमसी स्टोरेज असलेला स्वस्त डबा टाळावा. त्यात दोनच कोअर आणि ती स्टोरेज बदलताही येत नाही.

दुकानातच मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं आणि बायोस उघडून पाहावा. जुन्या कंपनीचा पासवर्ड तिथे राहिलेला असेल, तर घरी आल्यावर तो काढणं अवघड. ॲडॉप्टर त्याच कंपनीचा आहे ना, हेही बघावं. लेनोव्होची पिन डेलला बसत नाही. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नको. चार दुकानं फिरावं, घाई करू नये, हे तर आहेच.

आणि बिलावर मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, एसएसडी आणि वॉरंटीची मुदत लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुकानदार लिहून द्यायला कुरकुरला, तर शेजारचं दुकान गाठावं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवताना हेच बिल पुढे करावं लागतं.