थेट प्रक्षेपणातील सदोष चित्र : कारणे व उपाय

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणास मान्यता दिली आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांपुढील सुनावण्या नागरिकांना घरबसल्या पाहता येऊ लागल्या. सभा, व्याख्याने आणि शेतकरी मेळावेही आता इंटरनेटवरून थेट दाखविले जातात. परंतु चित्र अस्पष्ट असल्यास या सोयीचा हेतूच विफल होतो. सुपारीवरील कोळे रोगाचे मार्गदर्शन चालू असता फळावरील पाणथळ डाग ओळखू आला नाही, फळ्यावरील बोर्डो मिश्रणाचे प्रमाण वाचता आले नाही, तर दूरच्या बागायतदाराच्या पदरी काय पडले?

चित्र बिघडताच नवा कॅमेरा घेण्याचा विचार केला जातो. तत्पूर्वी दोषाचे स्थान निश्चित करणे अगत्याचे आहे. एकाच प्रेक्षकाची तक्रार असल्यास दोष बहुधा त्याच्या जोडणीत असतो. सर्वांचीच तक्रार असल्यास कॅमेऱ्यातून येणाऱ्या चित्राचे उच्च दर्जाचे मुद्रण संगणकावर करून पाहावे. मुद्रण स्वच्छ असेल तर कॅमेरा निर्दोष असून दोष पुढील टप्प्यात आहे. मुद्रणच खराब असेल तर प्रकाश, भिंग व संगणकावरील ताण तपासावा.

चित्र वारंवार थांबत असल्यास इंटरनेटचा अपलोड वेग अपुरा पडत आहे, असे समजावे. अनेकजण केवळ डाउनलोडचा आकडा पाहतात. प्रक्षेपणास उपयोगी पडतो तो अपलोडचा. चित्रासाठी ठरविलेला बिटरेट या वेगाच्या दोनतृतीयांशाहून अधिक नसावा. समजा, अपलोड वेग ५ मेगाबिट आहे. अशा वेळी १०८० रेषांचे चित्र ५ मेगाबिटने पाठविण्याचा अट्टहास न धरता ७२० रेषांचे चित्र ३ मेगाबिटने पाठविणे श्रेयस्कर. मोठे पण तुटक चित्र पाहण्यापेक्षा लहान पण स्थिर चित्र पाहणे केव्हाही सुसह्य. राउटरपासून संगणकापर्यंत वायफायऐवजी केबल वापरावी आणि सभागृहातील इतरांचे मोबाइल त्याच जोडणीवर ठेवू नयेत.

चित्र न थांबता हालचालीच्या वेळी त्याचे चौकोनी तुकडे दिसत असतील, तर बिटरेट कमी पडत आहे. अपलोड वेगास वाव असल्यास तो वाढवावा. वाव नसल्यास रेषा कमी कराव्यात.

प्रकाशाचा या बिटरेटशी निकटचा संबंध आहे. अंधुक सभागृहात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणे उमटतात. ते क्षणोक्षणी बदलत असल्याने उपलब्ध बिटरेटचा मोठा भाग त्यांवरच खर्ची पडतो आणि वक्त्याचा चेहरा व फळ्यावरील अक्षरे धूसर होतात. म्हणून वक्त्यासमोर एखादा दिवा लावावा व त्याच्यामागची खिडकी झाकावी. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने दिव्यांची लुकलुक चित्रात दिसत असल्यास कॅमेऱ्याचे शटर १/५० सेकंदावर ठेवावे.

कार्यक्रमापूर्वी त्याच जागी, त्याच वेळेस अर्धा तास चाचणी घ्यावी आणि ती एखाद्या साध्या मोबाइलवर पाहावी. फळ्यावरील अक्षर तेथे वाचता आले, तरच तयारी पूर्ण झाली असे समजावे. ऐन वेळी अडचण आलीच तर चित्राचा दर्जा उतरवावा, पण आवाज तुटू देऊ नये. धूसर चित्रातही स्पष्ट ऐकू आलेले मार्गदर्शन बागायतदाराच्या उपयोगी पडते.