बझर थांबला म्हणून पिन बसली असं नाही

भोसरी, पुणे

चि. प्रसाद यास,


तुझा निरोप वाचला. नव्या मशीनला हायड्रॉलिक क्विक कपलर आहे, खटका दाबला की बकेट सुटते, ब्रेकर बसतो, पाच मिनिटांत काम होतं आणि आता केबिनमधून खाली उतरावंच लागत नाही, असं तू लिहिलंस. वीस टनी पोकलेन तुझ्या हाती आली याचा मला आनंद आहे. ताई तर भेटेल त्याला सांगत सुटली आहे. पण तुझं ते शेवटचं वाक्य मला खटकलं. त्याचं उत्तर मोबाइलवर दोन ओळींत मावणार नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. एकदा शांतपणे वाच, आणि जमलं तर मशीनजवळ उभा राहून पुन्हा वाच.

कपलर वाईट, असं माझं म्हणणं नाही. पिना घणाने ठोकून काढायचे दिवस मी पाहिले आहेत. भोकं जुळत नाहीत म्हणून बकेटला पहार लावायची, एकाने बूम हलवायची, दुसऱ्याने बोट घालून भोक चाचपायचं. त्यात बोटं गेलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. कपलरने तो प्रकार संपवला, ही मोठी गोष्ट आहे. तुला सांगायचं ते वेगळंच. जुन्या पद्धतीत पिन आरपार गेली की नाही हे ठोकणाऱ्याला डोळ्यांनी दिसत असे. कपलरमध्ये ते केबिनमधून नीट दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट झालीच आहे असं माणूस धरून चालतो.

आधी लोखंड समजून घे. बहुतेक कपलरांना दोन जबडे असतात. पुढचा, म्हणजे आर्मकडचा, पक्का असतो. तो बकेटच्या पहिल्या पिनेत अडकवायचा. मागचा हलता असतो. त्याला आतला सिलिंडर ढकलतो आणि तो दुसऱ्या पिनेला धरतो. काही कपलरांत हलत्या जबड्याच्या जागी पाचर असते, पण तत्त्व तेच. तुझ्या मशीनच्या पिना साधारण ८० मिलिमीटर जाडीच्या असतील. बकेट रिकामी असतानाच पाऊण टनाच्या वर भरते, आणि त्या वर्गातला ब्रेकर दीड-दोन टनांचा असतो. हे सगळं ओझं त्या दोन पिनांवर लटकतं, आणि त्यांतली एक पिन धरून ठेवणारा भाग हलता आहे.

आता स्वतःला विचार, की त्या हलत्या जबड्याला जागेवर कोण धरून ठेवतं? तू म्हणशील, सिलिंडर. सिलिंडरला कोण धरतं? त्यात कोंडलेलं तेल. ते तेल परत जाऊ नये म्हणून पायलट चेक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो तेलाला आत येऊ देतो, पण सोडण्याच्या लाइनमध्ये प्रेशर आल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाही. होज फुटली तरी जबडा उघडू नये, हे त्याचं काम. म्हणून हा व्हॉल्व्ह थेट सिलिंडरच्या अंगावरच हवा. मध्ये होज असेल आणि व्हॉल्व्ह होजच्या पलीकडे असेल, तर होज फुटल्यावर त्या व्हॉल्व्हचा काडीचा उपयोग नाही. तुझ्या मशीनवर तो कुठे आहे हे पहिल्यांदा बघ.

आणि व्हॉल्व्ह चांगला असला तरी तेल म्हणजे तेल. व्हॉल्व्हच्या सीटवर लोखंडाचा एक बारीक कण बसला की तेल झिरपायला लागतं. पिस्टनचं सील झिजलं की बाहेर एक थेंबही दिसत नाही, पण तेल आतल्या आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातं. शिवाय थंडी. पक्क्या कोंडलेल्या तेलाचं तापमान एक अंश घसरलं तर प्रेशर साधारण १० बारने उतरतं, असा आम्हा हायड्रॉलिकवाल्यांचा ठोकताळा आहे. दिवसभर ब्रेकर चालवून सत्तर अंशांपर्यंत तापलेलं तेल घाटातल्या रात्रीत वीस अंशांवर आलं, तर सकाळी त्या सिलिंडरमध्ये काय उरलं असेल याचा हिशेब तूच कर. इंजीन सुरू झालं आणि खटका लॉकवर असला की चांगल्या कपलरमध्ये प्रेशर पुन्हा भरतं, हे खरं. पण मधल्या वेळात ब्रेकर हवेत टांगलेला ठेवून त्याच्याजवळ कुणी उभं असेल, तर भरवसा कशाचा?

दाराला पाठ लावून माणूस उभा राहिला तर दार बंद राहतं, पण त्याला डुलकी लागेपर्यंतच. अडसर घातलेल्या दाराचं तसं नसतं. कपलरमधलं तेल म्हणजे पाठ लावून उभा असलेला माणूस. तुला अडसर शोधायचा आहे. कुठे तो स्प्रिंगने खाली पडणाऱ्या पट्टीचा असतो, कुठे सिलिंडरच्या दांड्यामागे येऊन बसणाऱ्या ठोकळ्याचा, कुठे स्वतःच्या वजनाने फिरणाऱ्या आकड्याचा. तेल पूर्ण गेलं तरी जबड्याला मागे जाऊ न देणं, हे त्याचं काम. आणि चांगल्या कपलरमध्ये पुढच्या पिनेलाही वेगळा अडसर असतो, म्हणजे मागची पिन सुटली तरी बकेट पुढच्या जबड्यातून घसरत नाही. दोन्ही पिनांना लोखंडाचा अडसर असेल, तरच मी त्याला सुरक्षित कपलर म्हणतो. बाकी सगळे अर्धे.

पुढच्या अडसराचं एवढं महत्त्व का, ते सांगतो. मागची पिन नीट धरली गेली नसेल तर बकेट लगेच पडते असं नाही. आत वळवलेली असताना ती पुढच्या जबड्यात वजनाने बसून राहते आणि सगळं ठीक वाटतं. मग तू ती भरतोस, उचलतोस, फिरवतोस आणि रिकामी करायला बाहेर उघडतोस. त्या क्षणी पुढच्या जबड्याचं तोंड खाली येतं आणि पिन त्यातून निसटते. म्हणजे बकेट बसवल्या जागी पडत नाही. ती डंपरच्या वर, चराच्या वर, पाइप टाकणाऱ्या माणसांच्या डोक्यावर पडते.

ही भीती माझ्या मनातली नाही. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २००५ साली याच विषयावर पत्रक काढलं. १९९८ ते २००४ या काळात तिथल्या बांधकामांवर एक्स्कॅव्हेटरच्या क्विक कपलरशी संबंधित १५ घटना त्यांना सापडल्या होत्या, आणि त्यांपैकी ८ घटनांत माणसं मेली होती. बकेट अचानक सुटली आणि खाली कुणीतरी होतं, अशीच बहुतेकांची गोष्ट. ऑस्ट्रेलियाने २००८ साली क्विक हिचसाठी, म्हणजे याच कपलरसाठी, एएस ४७७२ हे स्वतंत्र मानक केलं, आणि २०१६ साली आयएसओ १३०३१ हे फक्त क्विक कपलरच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. केवळ एका जोडणीसाठी जगाने एवढं लिहून ठेवलं, ते उगीच नाही.

ब्रिटनचा अनुभव तर मला सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. तिथे पूर्वी अर्धस्वयंचलित कपलर फार चालत. जबडा तेलाने बंद व्हायचा, पण सुरक्षेची पिन ऑपरेटरने खाली उतरून हाताने घालायची. कागदावर व्यवस्था चोख होती. प्रत्यक्षात पाऊस, चिखल, दिवसात कितीदा तरी बदलायची बकेट, आणि ‘एवढ्या दोन मिनिटांच्या कामाला कशाला’ असं म्हणत केबिनमध्येच पडून राहिलेली पिन. माणसं गेली. त्यातून तिथल्या लोकांनी धडा घेतला, की दमलेल्या माणसाच्या आठवणीवर टांगलेली सुरक्षा ही सुरक्षाच नव्हे, आणि अडसर आपोआप पडणारा हवा या मताकडे ते वळले. मला हे पूर्ण पटतं. पण तुझ्या कपलरला हाताने घालायची पिन असेल, तर कपलर बदलून मिळेपर्यंत ती पिन प्रत्येक वेळी घालायचीच. पाच मिनिटांसाठी बकेट लावली असली तरी.

आता बझरबद्दल. तू खटका अनलॉकवर टाकलास की बझर वाजतो आणि लॉकवर टाकलास की थांबतो. बझर थांबला म्हणजे पिन धरली, असं तुझ्यासारखे हुशार मुलगेसुद्धा समजतात. बहुतेक मशीनवर बझर फक्त खटका कुठे आहे ते सांगतो. व्हॉल्व्हला हुकूम गेला, एवढंच त्याला माहीत. जबडा पिनेच्या खालून बसला की वरून निघून गेला, मध्ये दगड अडकला की काय, पिन या कपलरच्या मापाची आहे की दुसऱ्याच मशीनची, यातलं काहीही त्याला कळत नाही. ते फक्त डोळ्यांना कळतं.

म्हणून बकेट बसवल्यावर दर वेळी असं कर. आसपास कुणी नाही याची खात्री कर. बकेट पूर्ण आत वळव, लॉक कर आणि काही सेकंद लिव्हर तसाच धर, म्हणजे प्रेशर पूर्ण चढेल. मग बकेट जमिनीच्या अगदी जवळ आण, वीतभर उंचीवर. आत-बाहेर उघडझाप कर, हलवून बघ. नंतर दात जमिनीला टेकवून दाब दे आणि तसंच आपल्याकडे ओढ. पिन नीट नसेल तर ती इथे सुटेल, आणि सुटली तर वीतभरावरून मुरमात पडेल. त्यानंतर अडसराची खूण बघ. केबिनमधून ती स्पष्ट दिसत नसेल तर बकेट जमिनीवर टेकव, सेफ्टी लिव्हर पाड, इंजीन बंद कर, उतर, आणि बाजूला उभा राहून बघ. खाली वाकून नाही, बाजूने. आता तुला कळलं असेल की ‘खाली उतरावंच लागत नाही’ हे मला का खटकलं. कपलरने घण मारायला उतरणं वाचवलं आहे. बघायला उतरणं नाही.

हे सगळं दीड-दोन मिनिटांचं काम आहे. सुपरवायझर ओरडेल. ओरडू दे. तुला नोकरी नको असं मी म्हणणार नाही, घरचं मला ठाऊक आहे. पण चाचणी न करता बकेट डंपरवर न्यायची नाही, ही एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळू दे. ऑपरेटर नवा असताना घातलेली पद्धत लोक मान्य करतात. सहा महिन्यांनी सुरू केली तर नखरे म्हणतात.

तुझ्या हेल्परविषयी वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे हेल्पर म्हणजे बकेटजवळ उभा राहून ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणणारा पोरगा. जबडा जुळत नसेल तर तो हाताने पिन धरायला जातो, चिखल काढायला बोटं घालतो, आणि कुणी त्याला अडवत नाही. तू अडव. बकेट बदलताना तो तुझ्या नजरेसमोर आणि मशीनच्या फिरण्याच्या घेराबाहेर असला पाहिजे. दिसत नसेल तर हात लिव्हरवरून काढ. तो वयाने तुझ्याहून लहान असेल, आणि साइटवर त्याचं म्हणणं ऐकणारं बहुधा तूच एकटा आहेस.

माझ्या शॉपमध्ये मागे एक कपलर सिलिंडर गळतो म्हणून आला होता. तो उघडला तेव्हा चेक व्हॉल्व्हची जागा प्लग मारून बंद केलेली, अडसराची स्प्रिंग गायब, आणि अडसर वर बांधून ठेवण्यासाठी वेल्डिंग केलेली कडी. कारण विचारलं तर उत्तर मिळालं की चिखलाने अडसर अडकायचा, बकेट लवकर निघायची नाही. तो माल मी तसा दुरुस्त करून दिला नाही. सगळं मूळ स्थितीत करतो, नाहीतर घेऊन जा, असं सांगितलं. असे कपलर बाजारात फिरतात, आणि रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याने नमुना बघून बनवलेलेही फिरतात. प्लेट नाही, माप नाही, व्हॉल्व्ह कुठला ते बनवणाऱ्यालाही माहीत नाही. असं काही तुझ्या मशीनला लावायला आणलं तर सरळ नाही म्हण. इतर बाबतींत मी तुला समजुतीने घ्यायला सांगेन, इथे नाही.

अडसर अडकतो याचा खरा उपाय साधा आहे. शिफ्ट संपली की जबड्यातला चिखल काढ, ग्रीस दे, स्प्रिंग हाताने दाबून बघ. ब्रेकरच्या होज काढल्या की तोंडांना लगेच टोप्या घाल. धुळीचा जो कण तिथून आत शिरतो, तोच फिरत फिरत चेक व्हॉल्व्हच्या सीटवर बसतो. पिना झिजल्या असतील, किंवा बकेट दुसऱ्या मशीनची असेल, तर जाडी आणि दोन पिनांमधलं अंतर मोजूनच लाव. आणि पाइप उचलायचा असेल तर बकेटच्या दाताला पट्टा अडकवू नकोस. बकेट काढ, कपलरला उचलण्याचं कडं दिलेलं असेल तर ते वापर, आणि मशीनच्या वजन उचलण्याच्या तक्त्यातल्या आकड्यातून कपलरचं वजन वजा करायला विसरू नकोस; तेच दोन-चारशे किलो असतं.

उद्या सकाळी मशीन सुरू करण्याआधी मला तीन फोटो पाठव: कपलरची नेमप्लेट, सिलिंडरवर व्हॉल्व्ह बसवला आहे ती बाजू, आणि दोन्ही जबडे अडसरासकट. नेमप्लेटवरचे आकडे चिखलाने झाकले असतील, तर घासून मग काढ. मॉडेल कळलं की त्याचं मॅन्युअल आणि सील किट कुठलं लागेल ते मी बघतो, आणि पुढच्या अडसराची सोय त्या मॉडेलला करता येते का हेही विचारतो. पुढचा अडसर नसेलच, तर तुझ्या मालकांशी मी स्वतः बोलेन; त्यांचा नंबर पाठवून ठेव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा