भरवेलीचे मँगनीज आणि पोलादाच्या भट्ट्या

बालाघाट शहरालगतची भरवेली येथील मँगनीजची खाण आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. उकवा व तिरोडी येथील खाणीही याच जिल्ह्यातील. या खनिजाची वाट गेल्या सव्वाशे वर्षांत कशी बदलत गेली, इकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

पोलाद तयार करण्यास मँगनीज अपरिहार्य असते. विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादाच्या मोठ्या भट्ट्या युरोप-अमेरिकेत होत्या. त्यांना खनिज पुरविण्यासाठी ब्रिटिश कंपनीने मध्य प्रांतात खाणी चालविल्या. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले, त्यामागेही हे मँगनीज समुद्रापर्यंत नेण्याचा हेतू होताच. खनिजापासून मिश्रधातू करण्याचे, म्हणजेच किंमत वाढविण्याचे काम बव्हंशी परदेशांत होई. आपल्या वाट्यास येई ती खोदाईची मजुरी.

१९६२ साली स्थापन झालेल्या मॉयल कंपनीत सरकारचा वाटा ५१ टक्के होता. १९७७ मध्ये उर्वरित वाटाही सरकारने घेतला. परंतु मालकी आली म्हणून भट्टी येत नाही. एक टन फेरोमँगनीजसाठी सुमारे अडीच ते तीन हजार युनिट वीज खर्ची पडते. नॉर्वे हा देश मँगनीजचे खनिज बाहेरून आणतो आणि जलविद्युतेच्या बळावर मिश्रधातू करून विकतो. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे; ‘जेथे खनिज तेथे कारखाना’ हे पाठ करविलेले सूत्र अर्धेच खरे आहे. बालाघाट येथे वार्षिक १०,००० टन क्षमतेचा फेरोमँगनीजचा कारखाना उभा राहिला तो १९९८ मध्ये.

दरम्यान पोलादच आशियात आले. जगातील निम्म्याहून अधिक पोलाद आज चीनमध्ये होते, आणि २०१८ साली जपानला मागे टाकून भारत दुसऱ्या स्थानी आला. परिणामी, एके काळी खनिज निर्यात करणारा आपला देश आता दक्षिण आफ्रिका व गॅबन येथून ते आयात करतो आणि मिश्रधातू परदेशी पाठवितो. आपल्या आजोबांच्या जागी आज गॅबनचा खाणकामगार उभा आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

त्याच गॅबनने २०२९ पासून कच्च्या मँगनीजची निर्यात बंद करण्याचा निर्णय २०२५ साली जाहीर केला. तो अमलात आल्यास आपल्या भट्ट्यांना खनिज अन्यत्र शोधावे लागेल, आणि भरवेलीच्या खोल खाणीकडे त्यांची दृष्टी पुन्हा वळेल.