लिलावातली बोट घेताना : एक प्रॅक्टिकल

सर्वप्रथम एक कबुली. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमधली. मराठीत निबंध लिहायचा म्हटलं की अजूनही पोटात गोळा येतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांकडे कृपया काणाडोळा करावा! पण हा विषय मला इंग्रजीत लिहिता आलाच नसता, कारण तो मी शिकले ते हर्णैच्या किनाऱ्यावर, मामाबरोबर, पूर्णपणे मराठीत.

हर्णैला लिलाव नवीन नाही. रोज संध्याकाळी बोटी आल्या की वाळूवर माशांचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते. पण मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मामाचा फोन आला तो वेगळ्याच लिलावासाठी. त्याच्या ओळखीतल्या एका नाखव्याची चाळीस फुटी बोट एका पतसंस्थेने कर्ज थकलं म्हणून मे महिन्यात जप्त केली होती. आता ती विकायला काढली होती. मामा म्हणाला, "तू मेकॅनिकलला ना गो? मग ये. इंजिन बघून सांग."

मी मोठ्या ऐटीत गेले. तिसऱ्या वर्षाची पुस्तकं, एक टॉर्च आणि एक छोटी हातोडी घेऊन! तिथे जे शिकले आणि जे चुकले, ते दोन्ही इथे लिहिते आहे.

लिलाव कोण करतंय, हे आधी बघा

आपल्याला वाटतं, जप्ती म्हणजे जप्ती. तसं नाही. बोटीचा लिलाव वेगवेगळ्या वाटांनी होतो आणि प्रत्येक वाटेने मिळणारी मालकी सारखी नसते.

घराचं किंवा कारखान्याचं कर्ज थकलं की बँका २००२ च्या सरफेसी कायद्याने ताबा घेतात, हे आपण पेपरात वाचतो. मला वाटलं होतं इथेही तेच असेल. पण त्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये काही अपवाद आहेत. त्यात विमानं आणि जहाजं-होड्या यांच्यावरचं तारण वगळलेलं आहे. मग पतसंस्था काय करते? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि वसुली अधिकारी जप्ती व विक्री करतो.

दुसरी वाट हायकोर्टाची. २०१७ चा ॲडमिरल्टी कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्याखाली हायकोर्ट एखादी नौका अटकवून ठेवू शकतं (हो, कायद्याच्या भाषेत जहाजाला 'अटक' होते!) आणि विकू शकतं. या विक्रीचा मोठा फायदा म्हणजे नौका सगळ्या जुन्या बोज्यांतून मोकळी होऊन नव्या मालकाकडे येते. पतसंस्थेच्या लिलावात असं काही आपोआप होत नाही. ही ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

लिलावाच्या नोटिशीत एक वाक्य ठरलेलं असतं : 'जिथे आहे, जशी आहे त्या स्थितीत.' म्हणजे नंतर गिअरबॉक्स पडला, फळी कुजकी निघाली, तर तक्रार करायची सोय नाही. दुकानातल्या वस्तूसारखी वॉरंटी नाही. म्हणून बोलीच्या आधी पाहणीसाठी जो दिवस दिलेला असतो, तोच खरा परीक्षेचा दिवस!

पाहणी : अंग, हृदय आणि शेपूट

(१) *अंग.* ही बोट लाकडी होती आणि लाकडावर फायबरचं आवरण होतं. कोकणात अशा बोटी भरपूर आहेत. दरवर्षी पावसाळ्याआधी बोटी वर ओढून शाकारतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा त्या झाकलेल्या राहतात. पण जप्त केलेली बोट कोण शाकारणार? ही चार महिने उघड्यावर भिजत पडली होती.

इथे मला एक नवी गोष्ट कळली. लाकूड कुजवण्यात समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त वाईट. मीठ बुरशीला आवडत नाही, गोडं पाणी मात्र मानवतं. आणि ते पाणी फायबर आणि लाकूड यांच्या मध्ये शिरलं की बाहेर पडायला वाटच नसते. वरून सगळं चकाचक, आत भुसा!

उपाय सोपा आहे. हातोडीने हळूहळू ठोकत जायचं. टणक, स्पष्ट आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आवरण सुटलंय किंवा लाकूड गेलंय. तिथे खडूने खूण करायची. मी अकरा खुणा केल्या. त्यातल्या सात पाठीमागच्या बाजूला, जिथे पावसाचं पाणी साचलं होतं तिथेच. जिथे फायबर फुटून लाकूड उघडं पडलं असेल तिथे टोच्या घालून बघायचा. टेरेडो नावाचा एक शिंपल्याच्या जातीचा प्राणी लाकूड पोखरतो. त्याचं बाहेरचं भोक टाचणीएवढं असतं आणि आत मात्र लांबलचक बोगदे असतात.

(२) *हृदय.* म्हणजे सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. नियम पहिला : इंजिन थंड असताना सुरू होताना बघा. तुम्ही पोचायच्या आधीच कोणी गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्या. ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. धूर बघा : काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर सुरू झाल्यावर थोडा वेळ चालतो, पण तो थांबलाच नाही तर डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा आत पाणी शिरतंय. आमचं इंजिन बॅटरी बदलून तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं आणि निळसर धूर सोडत राहिलं. म्हणजे पिस्टन रिंगांचं काम नक्की.

बंद पडलेलं इंजिन चालत्या इंजिनापेक्षा लवकर बिघडतं, हेही ध्यानात घ्या. डिझेलच्या टाकीत पाणी धरतं, इंजेक्टर अडकतात, थंड करणाऱ्या नळ्यांत मीठ साठतं.

(३) *शेपूट.* म्हणजे पंखा, शाफ्ट आणि सुकाण. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की एक झिजतो (फर्स्ट इयर केमिस्ट्री आठवा!). म्हणून तिथे जस्ताचे ठोकळे बसवतात. पंख्याऐवजी ते झिजतात. ठोकळे संपलेले दिसले तर पंखा खरवडून बघा. पिवळ्याच्या जागी गुलाबीसर तांबूस रंग दिसला तर मिश्रधातूतलं जस्त निघून गेलंय आणि पंखा ठिसूळ झालाय. आमचे ठोकळे जवळजवळ संपले होते, पंखा मात्र वाचला होता.

(४) *यादी.* जप्तीच्या वेळी केलेल्या पंचनाम्याची प्रत मागा आणि समोर एकेक वस्तू मोजा. वायरलेस, जीपीएस, बॅटऱ्या यांना पाय फुटतात. इंजिनावरचा नंबर, बोटीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक आणि कागदावरचे क्रमांक जुळतात का तेही बघा.

जुना मालक

पाहणीच्या दिवशी जुना नाखवा तिथेच वडाच्या पाराशी बसला होता. मला वाटलं, त्याच्याशी बोलणं बरं दिसणार नाही. मामा मात्र सरळ जाऊन त्याच्या शेजारी बसला. पहिला प्रश्न त्याने विचारला तो बोटीबद्दल नव्हताच. त्याने विचारलं, "पैशाची काही सोय होते का? नाहीतर मी बोली लावत नाही." कारण विक्रीपूर्वी थकबाकी आणि खर्च भरला तर लिलाव थांबतो, बोट परत मिळते. नाखवा नाही म्हणाला. दोन हंगाम मासळीच मिळाली नव्हती.

मग त्याने स्वतःहून सांगितलं की रिव्हर्स टाकला की गिअरबॉक्स घसरतो. माझ्या टॉर्चला आणि हातोडीला हे सापडलं नव्हतं, कारण बोट जमिनीवर होती! जाताना त्याने एवढंच विचारलं की केबिनमधला देवीचा फोटो कोणी घेतला तरी मला परत मिळेल का.

कमाल बोलीचं गणित

रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. तत्त्व असं, की राखीव किमतीपासून वर चढत जायचं नाही, चांगल्या बोटीच्या किमतीपासून खाली उतरत यायचं. आमचे आकडे (लाख रुपयांत) :

तशीच चालू स्थितीतली जुनी बोट : १८.००
इंजिन : २.५०
गिअरबॉक्स : ०.७५
फळ्या, फायबर, रंग : १.५०
बॅटरी, वायरिंग, वायरलेस, जीपीएस : ०.७५
कागदपत्रं, विमा, क्रेन : ०.५०
न दिसणारी दुरुस्ती (वरच्या ६.०० च्या २५ टक्के) : १.५०
दोन महिने बोट बंद, उत्पन्न नाही : १.००
एकूण वजा : ८.५०
कमाल बोली : ९.५०

राखीव किंमत ७ लाख होती. लिलावात एकदा हात वर गेला की खाली येत नाही, म्हणून तो ९.५० चा कागद माझ्या हातात ठेवायचा आणि आकडा ओलांडला की मी मामाचा शर्ट ओढायचा, असं ठरलं. बोली ९.२० ला पोचली तेव्हा माझ्या छातीत धडधडायला लागलं. मामा ९.३० म्हणाला. समोरचा गप्प झाला. एकवार, दोनवार, तीनवार. बोट आमची!

आणि माझी चूक

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन नेपाळी खलाशी दारात उभे. मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने त्यांनी त्या बोटीवर काम केलं होतं. पगार महिना चौदा हजार. जप्ती आली आणि पैसे राहिले. दोघांचे मिळून ८४ हजार.

मी लगेच म्हणाले, "मामा, ते जुन्या मालकाचं कर्ज. आपला काय संबंध?" आणि मग त्याच रात्री कायदा वाचायला बसले. २०१७ च्या त्या कायद्यात खलाशांचा पगार हा नौकेवरचाच हक्क मानला आहे. मालक बदलला तरी तो नौकेबरोबर जातो. पगाराच्या बाबतीत तो दोन वर्षांपर्यंत टिकतो. हायकोर्टाच्या विक्रीत तो पुसला जातो आणि खलाशांना विक्रीच्या पैशातून हिस्सा मिळतो. आमची विक्री तशी नव्हती.

हे काही कोकणापुरतं नाही. विजय मल्ल्यांशी संबंधित 'इंडियन एम्प्रेस' ही ९५ मीटरची आलिशान यॉट मार्च २०१८ मध्ये माल्टात अटकवली गेली, ती खलाशांचे पगार थकले म्हणूनच. जूनमध्ये तिच्यावर ४ कोटी ३५ लाख युरोची बोली लागली, पण त्या खरेदीदाराने पैसेच भरले नाहीत! सप्टेंबरमध्ये पुन्हा लिलाव होऊन ती साडेतीन कोटींना गेली. एवढ्या मोठ्या जहाजालाही अडवलं ते पगारानेच.

मामाला कायदा सांगायची गरज पडली नाही. मी वाचून होईपर्यंत त्याने पैसे द्यायचं ठरवलंच होतं. "त्यांनी जाळी ओढलीत ना? मग झालं," एवढंच तो म्हणाला. 'न दिसणारी दुरुस्ती' या रकान्यातले ८४ हजार असे गेले. मी त्या रकान्यात फक्त लाकूड आणि लोखंड धरलं होतं, माणसं धरलीच नव्हती. मी इंजिन पाऊण तास ऐकलं, पण तांडेलाला आणि खलाशांना एक प्रश्न विचारला नाही : 'तुमचं काही येणं आहे का?'

थोडक्यात

तर मित्रमैत्रिणींनो, बोट असो, ट्रक असो की उद्या तुमच्या कारखान्यासाठी घेतलेलं जुनं लेथ मशीन, जप्तीच्या लिलावात जाताना एवढं करा :

१. विक्री कोणत्या कायद्याने होते आहे ते विचारा. जुने बोजे पुसले जातात का, हे लेखी घ्या.
२. पाहणीचा दिवस चुकवू नका. यंत्र थंड असताना बघा.
३. ती वस्तू किती दिवस आणि कशी पडून होती ते शोधा.
४. जुन्या मालकाशी आणि तिथे राबलेल्या माणसांशी बोला.
५. कमाल आकडा आदल्या रात्री कागदावर लिहा. सभेत तो बदलू नका.

बोट जानेवारीत पाण्यात गेली. त्या दोघांपैकी एक खलाशी आता मामाकडेच आहे. देवीचा फोटो मामाने लिलावाच्या दुसऱ्याच दिवशी नाखव्याच्या घरी नेऊन दिला. केबिनमध्ये ती चौकोनी जागा अजून रिकामी आहे. मामा म्हणतो नवा फोटो लावू, पण अजून लावलेला नाही.