जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचे धडे

चन्नबसवण्णांच्या समाधीमुळे ख्यात असलेल्या, जोयडा तालुक्यातील उळवीसारख्या अरण्यवेष्टित गावात शाळेच्या कपाटात जुना लॅपटॉप पडून असल्यास तो मोडीत काढण्याची घाई होऊ नये. लिनक्स शिकण्यास असे यंत्र नव्याहून सोयीचे. चुकले तर पुन्हा आरंभ करता येतो. मात्र यंत्र सरकारी असल्यास आधी परवानगी घेणे इष्ट.

लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी रचला. त्यावर आधारलेली डेबियन ही प्रणाली विनामूल्य असून, चित्रमय पद्धतीने ती बसविताना मराठी भाषा निवडता येते. ही सोय फारशा शिक्षकांना ठाऊक नसते.

प्रथम प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, हे पाहावे. २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ केवळ ३२ बिटांच्या यंत्रावर नव्याने बसविता येत नाही. तेथे २०२३ ची डेबियन १२ घ्यावी. स्मरणशक्ती एक जीबी असली तरी एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप चालू शकतो. इंटरनेट मंद असल्यास डीव्हीडीची संपूर्ण प्रतिमा अन्यत्र उतरवून पेन ड्राइव्हवर आणावी. ती नुसती नकलून भागत नाही, त्यासाठीच्या प्रोग्रामने लिहावी लागते.

खरी दक्षता डिस्कच्या विभागणीच्या वेळी हवी. ‘संपूर्ण डिस्क वापरणे’ हा पर्याय स्वीकारताच जुने निकालपत्रक, हजेरी, छायाचित्रे सारे जाते. म्हणून त्यांच्या प्रती आधी दुसरीकडे ठेवून, त्या उघडतात याची खात्री करूनच पुढे जावे.